यादी जशी आहे तशी



'लिटरॅलिझम' या इंग्रजी शब्दाला मराठीत एकच एक शब्द नाही. आपण कधी शब्दप्रामाण्य म्हणतो, कधी पोथीनिष्ठा, कधी शब्दनिष्ठा, आणि चिडलो की 'शब्दाचा कीस' म्हणतो. लॅटिनमध्ये 'लिटेरा' म्हणजे अक्षर. त्यामुळे आपला 'अक्षरशः' त्या शब्दाच्या अगदी जवळचा. आता या 'अक्षरशः'ची बोलण्यातली गत बघा. 'अक्षरशः वेड लागायची पाळी आली', 'अक्षरशः जमीन हादरली' असे आपण म्हणतो तेव्हा वेडही लागलेले नसते आणि जमीनही हललेली नसते. म्हणजे अक्षराला धरून बोलतो असे सांगणारा शब्द आपण नेमका अक्षर सोडून बोलताना वापरतो. इंग्रजांनीही 'लिटरली'चे हेच करून ठेवले आहे, तेव्हा एकट्या मराठीला दोष नको.

आधी एक गल्लत दूर करू, कारण ती शिकलेल्या माणसांकडूनही होते. शब्दप्रामाण्य आणि शब्दनिष्ठा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'ग्रंथात आहे म्हणून खरे' हे शब्दप्रामाण्य. 'ग्रंथात जे शब्द आहेत त्यांचा तोच अर्थ घ्यायचा, पदरचे काही घालायचे नाही' ही शब्दनिष्ठा. पहिली गोष्ट मानण्याची, दुसरी वाचण्याची. दोन्ही एकत्र असू शकतात, पण असतीलच असे नाही. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली गेली. तेव्हा डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी त्या ग्रंथाचे प्रामाण्य साफ नाकारत होते. पण ग्रंथ त्यांनी शब्दशः वाचला होता. 'मनूला तसे म्हणायचे नव्हते हो' अशी सारवासारव करणारे पलीकडच्या बाजूला होते. एकोणिसाव्या शतकातल्या विधवाविवाहाच्या वादात याच्या उलटे दिसते. १८७० साली पुण्यात शंकराचार्यांसमोर वाद झाला तेव्हा दोन्ही पक्षांना स्मृती प्रमाण होती. भांडण वाचण्याचे होते. पराशराच्या वचनात 'पतौ' असे रूप आहे, व्याकरणाने 'पत्यौ' हवे. मग हा पती खरा पती नव्हेच, फक्त वाग्दान झालेला वर आहे, असा अर्थ सनातनी पंडितांनी लावला. एका रूपावर हजारो बालविधवांचे आयुष्य टांगलेले! आणि गंमत अशी की इथे शब्दाला सरळ धरून चालणारे सुधारक होते, आणि आडवळणाने अर्थ काढणारे सनातनी.

तेव्हा शब्दनिष्ठ तो प्रतिगामी, हे समीकरण आपण आज बाजूला ठेवू.

आपल्या शास्त्रांत याचा विचार फार बारकाईने झाला आहे. शब्दाचा सरळ अर्थ देणारी शक्ती ती अभिधा, आणि सरळ अर्थ जुळेना तेव्हा जवळचा अर्थ देणारी ती लक्षणा. 'गंगेवर गवळीवाडा आहे' हे नेहमीचे उदाहरण. पाण्याच्या प्रवाहावर वाडा उभा राहत नाही, म्हणून 'गंगेवर' म्हणजे गंगेच्या काठावर. पण काठावर उतरायची परवानगी केव्हा? मुख्यार्थाला बाधा आली तरच. याला मुख्यार्थबाध म्हणतात. सरळ अर्थ चालत असताना, आपल्याला तो आवडत नाही एवढ्यावरून लक्षणेकडे जाता येत नाही. आम्हांला विचाराल तर शब्दनिष्ठेचा सगळा प्रश्न या एका अटीत आहे: बाधा आली की नाही, आणि ती आली हे ठरवायचे कोणी?

दुसरा नियम असा की शब्दाच्या फोडीतून निघणाऱ्या अर्थापेक्षा रूढ अर्थ बलवान. चिखलात जन्मते ते पंकज, पण बेडकाला कोणी पंकज म्हणत नाही. आपल्या शहापूर-मुरबाडात याचे उदाहरण वाडीवाडीवर आहे. कात करणारा तो कातकरी. खैराच्या लाकडापासून कात काढणे हा त्यांचा जुना धंदा. जंगलावर सरकारी कायदा बसला, खैर तोडणे गुन्हा झाला, धंदा गेला. आज कातकरी माणूस वीटभट्टीवर राबतो, मासे-खेकडे धरतो, दुसऱ्याच्या शेतात आवणीला जातो. म्हणून तो कातकरी नाही, असे कोणी म्हणेल का? कात गेला, कातकरी राहिला. हे उदाहरण लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता मुख्य विषयाकडे येतो. शब्दनिष्ठेचा आपल्या भागातला जिवंत इतिहास धर्मग्रंथात शोधू नका. तो अनुसूचित जमातींच्या यादीत आहे.

राज्यघटनेच्या ३४२ व्या कलमाप्रमाणे कोणत्या जमाती 'अनुसूचित' हे राष्ट्रपती जाहीर करतात. पहिला आदेश ६ सप्टेंबर १९५० चा. एकदा यादी जाहीर झाली की तिच्यात भर घालणे किंवा तिच्यातून वगळणे फक्त संसदेने कायदा करून करायचे. राज्य सरकारला तो अधिकार नाही, न्यायालयाला नाही, आणि राष्ट्रपतींनाही पुन्हा नाही. हे इतके घट्ट का बांधले? १७ सप्टेंबर १९४९ रोजी संविधानसभेत ही कलमे मांडताना डॉ. आंबेडकरांनी कारण सांगितले होते: यादीत राजकारणाचा शिरकाव होऊ नये. म्हणजे ही शब्दनिष्ठा आळसातून आलेली नाही. पुढे निवडणुका येतील, मोर्चे येतील, वजनदार माणसे येतील, आणि प्रत्येक जण म्हणेल की 'या शब्दात आम्हीही येतो', हे ओळखून केलेली ती तजवीज आहे. जंगलातल्या माणसाकडे दुसरे काही नव्हते, एक शब्द होता. तो शब्द ताणता येऊ नये, एवढाच हेतू.

महाराष्ट्राच्या यादीतली ४४ वी नोंद आपल्या जिव्हाळ्याची. ठाकूर, ठाकर, का ठाकूर, का ठाकर, मा ठाकूर, मा ठाकर. सहा नावे, मध्ये स्वल्पविराम. मूळ यादी इंग्रजीत, रोमन लिपीत. रोमन लिपीत ठाकर आणि ठाकार यांत फरक दिसत नाही. तिकडे जुने गावदप्तर मोडीत, आणि मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत, त्यामुळे ठाकुर की ठाकूर हा प्रश्नच नाही. शब्दनिष्ठ वाचन करायचे म्हटले तर आधी शब्द कोणता, हेच विचारावे लागते. 'ध'चा 'मा' करणाऱ्या मराठी मुलखाला हे नवीन नाही.

शिवाय 'ठाकूर' हा शब्द एकट्या जमातीचा नाही. बंगालात ते ब्राह्मण घराण्याचे नाव आहे, उत्तरेत जमीनदार राजपुताची पदवी आहे, महाराष्ट्रात इतर जातींचे आडनाव आहे. उलट आपल्याकडच्या ठाकूर जमातीच्या माणसाचे आडनाव बहुधा ठाकूर नसतेच. ते मेंगाळ असते, आगिवले असते, उघडे असते. काहींचे आडनाव चक्क 'पारधी' आहे, आणि पारधी ही यादीतली वेगळीच जमात! आडनाव अक्षरशः घेतले तर हा ठाकूर पारधी होऊन बसतो आणि शहरातला कोणी सुखवस्तू ठाकूर आदिवासी ठरतो.

यादी करणाऱ्यांनी यावर एक उपाय काढला होता. २९ ऑक्टोबर १९५६ च्या सुधारित आदेशात या नोंदीला तालुके जोडले. ठाणे जिल्ह्यातले मुरबाड, शहापूर आणि इतर काही, घाटावर इगतपुरी, अकोले, जुन्नर, आंबेगाव, तिकडे कुलाब्यात कर्जत, खालापूर, असे सह्याद्रीच्या दोन्ही अंगांचे तालुके. नाव अधिक गाव. तर्कशास्त्रात सांगायचे तर शब्दाला एक विशेषण लावून व्याप्ती आवळली. नावाचा गोंधळ त्यामुळे बराचसा मिटला. पण दुसरे दुखणे सुरू झाले. डोंगर तालुक्याची हद्द पाहून उभा राहत नाही. सोयरीक हद्दीपलीकडे होते, माणूस पोटासाठी हद्दीपलीकडे जातो. अलीकडे आदिवासी आणि पलीकडे तोच माणूस बिगरआदिवासी, असा प्रकार. म्हणून १९७६ च्या कायद्याने हे क्षेत्रबंधन काढले. २७ जुलै १९७७ पासून तो लागू झाला आणि नोंद सबंध राज्याला लागू झाली. अन्याय दूर झाला, पण गावाची अट गेल्यावर शब्द पुन्हा एकटा पडला. मग 'आम्ही ठाकूर' म्हणणाऱ्यांतले जमातीचे कोण आणि नावाचे कोण, हे ओळखायचे कसे?

त्या प्रश्नाकडे वळण्याआधी न्यायालयांनी मुख्यार्थबाधाचे काय केले ते पाहू. निवाड्यांत हा शब्द येत नाही, पण विचार तोच आहे.

१९६४ चा म्हैसूरचा खटला अनुसूचित जातींच्या यादीतला, तत्त्व एकच. यादीत 'भोवी' असे नाव. पण जुन्या म्हैसूर संस्थानात त्या नावाची स्वतंत्र जात सापडेना. वड्डर समाजाचे नाव सरकारनेच बदलून भोवी केलेले होते. सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की शब्द आहे आणि त्याला धनी नाही, अशी स्थिती असेल तर पुरावा घेऊन तो कोणासाठी घातला हे पाहावे लागेल. गंगेच्या पाण्यावर वाडा नाही, चला काठावर! पण त्याच निवाड्यात हेही बजावले की ही अपवादाची वाट आहे.

पुढे अनेकांनी या वाटेने जायचा प्रयत्न केला. विदर्भातल्या विणकर कोष्टी समाजातल्या हलबा कोष्टींनी 'हलबा' या नोंदीत आपण येतो असा दावा केला. २८ नोव्हेंबर २००० रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने निकाल दिला: यादी जशी आहे तशीच वाचायची. अमुक पोटजात तिच्यात येते का, याची चौकशी करायची नाही, पुरावाही घ्यायचा नाही. 'हलबा' म्हणजे हलबा. गोवारींचे प्रकरण त्याहून दुःखाचे. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपुरात त्यांच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ माणसे गेली. यादीत 'गोंड गोवारी' असे आहे, दोन शब्दांत स्वल्पविराम नाही. २०१८ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने म्हटले की गोंड गोवारी ही जमात १९११ च्या आधीच नामशेष झाली, तेव्हा हा शब्द गोवारींसाठीच असला पाहिजे. शुद्ध मुख्यार्थबाधाचा युक्तिवाद! १८ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. यादीत जे नाव आहे ती जमातच नाही असे ठरवायला तुम्हांला सांगितले कोणी, असा त्याचा मथितार्थ. आणि 'र' आणि 'ड'चा वाद तर घरोघर माहीत आहे. यादीत 'ओरांव, धनगड' आहे. महाराष्ट्रात धनगड कोणी नाहीत, तो धनगरच आहे, असा दावा. शेजारचा शब्द 'ओरांव' आहे, तो छोटा नागपूरकडचा, हेही वाचताना पाहावे लागते. १६ फेब्रुवारी २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने या याचिका फेटाळल्या.

हे ऐकून कोणी म्हणेल, फार कठोर. कठोर आहेच. गोवारी गरीब नाहीत, मेंढ्यांमागे फिरणारा धनगर सुखात आहे, असे यातला एकही निकाल म्हणत नाही. त्यांच्या मागासलेपणावर उपाय हवा असेल तर तो संसदेत मागावा, शब्दाच्या पोटातून काढू नये, एवढेच म्हणतो. आमचे मत विचाराल तर इथली शब्दनिष्ठा योग्य आहे. लक्षणेचा दरवाजा एकदा सैल सोडला की त्यातून आधी कोण आत येतो? ज्याच्याजवळ वकील आहे तो. दऱ्याखोऱ्यांतल्या वाडीवरचा माणूस रांगेत शेवटी राहतो.

पण आमची खरी तक्रार पुढेच आहे.

शब्द एकटा पडल्यावर माणूस तपासणे सुरू झाले. २ सप्टेंबर १९९४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जातपडताळणीची पद्धत घालून दिली. प्रकरण महादेव कोळी असल्याच्या खोट्या दाव्याचे होते आणि खोट्या दाव्यांचा तेव्हा सुळसुळाट होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. जे प्रवेश, ज्या नोकऱ्या शहापूर, मुरबाड, जव्हारच्या मुलांच्या, त्या नामसाधर्म्यावर दुसऱ्यांनी नेल्या. २००१ मध्ये राज्याचा कायदाही झाला. पडताळणी समितीच्या दक्षता पथकाने घरी, गावी जायचे, कागद पाहायचे, आणि शिवाय आप्तभाव तपासायचा. म्हणजे तुमचे देव कोणते, लग्न कसे लागते, मयताचे काय करता, बोली कोणती, नाच कोणता. उत्तरे कशाशी ताडून पाहायची? मानववंशशास्त्रज्ञांनी लिहून ठेवलेल्या वर्णनांशी. ठाकरांचे वर्णन १८८२ च्या ठाणे गॅझेटिअरमध्ये आहे, एन्थोव्हेनच्या १९२० ते २२ मधल्या ग्रंथात आहे, लक्ष्मण नारायण चापेकरांच्या सह्याद्रीतील ठाकरांवरच्या १९६० च्या इंग्रजी पुस्तकात आहे. चापेकरांचे काम मोलाचे, डोंगर पायाखाली घालून केलेले. पण आपल्या पुस्तकाशी जुळला नाही तो ठाकर नव्हे, असे त्यांना कधी म्हणायचे असेल का?

इथे शब्दनिष्ठेने जागा बदलली. यादीतला शब्द जसा आहे तसा वाचायचा, हे ठीक. आता माणूसच पुस्तकात जसा आहे तसा असला पाहिजे, असे झाले. वर्णन म्हणजे एका काळी, एका वाडीत, एका निरीक्षकाने पाहिलेले. त्याची व्याख्या झाली. मुरबाडच्या वाडीतला मुलगा आश्रमशाळेत शिकला, कॉलेजला कल्याणला आला, मोबाइलवर सगळ्यांची गाणी ऐकतो. त्याला विचारा, कांबड नाचात काय म्हणतात? तो म्हणेल, आजाला ठाऊक होतं. झाले, आप्तभाव सिद्ध होत नाही! आपण मघाशी कातकऱ्याचे म्हटले ते आठवा. कात गेला म्हणून कातकरी जात नाही, मग नाच विसरला म्हणून ठाकर कसा जाईल? बरे, ज्याला खोटा दावाच करायचा आहे तो चापेकरांचे पुस्तक विकत घेऊन पाठ करील. परीक्षेत तो खऱ्या ठाकरापेक्षा जास्त मार्क मिळवील. दूर कुडाळजवळ पिंगुळीला कळसूत्री आणि चित्रकथी जपणारे ठाकर आहेत. त्यांची कला आपल्या सह्याद्रीतल्या ठाकरांना परकी. एकाच शब्दाखाली इतके वेगळे जगणे नांदते, हे कोणत्या प्रश्नावलीत बसवायचे?

आणि हे वादासाठी वाद नव्हेत. प्रमाणपत्र अवैध ठरले की पदवी धोक्यात, नोकरी धोक्यात. ६ जुलै २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की दावा अवैध ठरला तर त्यावर मिळालेले लाभ राहणार नाहीत. त्यानंतर २१ डिसेंबर २०१९ च्या शासन निर्णयाने अशा कर्मचाऱ्यांना 'अधिसंख्य' पदांवर टाकले. हा शब्दही आमच्या विषयातलाच: माणूस संख्येत आहे, पण संख्येच्या बाहेर.

सुदैवाने ही चूक न्यायालयाच्याच लक्षात आली. २०११ मध्ये, एका 'हलबी' दाव्याच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की स्थलांतर, आधुनिक जगणे, इतरांशी संबंध यांमुळे जमाती नवे गुण घेतात, तेव्हा आप्तभाव ही अंतिम कसोटी मानता येणार नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २००९ मध्ये आप्तभावावर बराच भर दिला होता. त्यामुळे प्रश्न लोंबकळत राहिला. शेवटी ठाकूर जमातीच्याच एका संस्थेच्या अपिलावर २४ मार्च २०२३ रोजी तीन न्यायाधीशांनी निर्णय दिला. आप्तभावाची चाचणी ही लिटमस कागद नव्हे. १९५० पूर्वीच्या नोंदींना सर्वांत जास्त वजन. कागदांवर समितीचे समाधान झाले तर दक्षता पथकाकडे पाठवायची गरज नाही, पाठवायचे असेल तर समितीने कारण द्यावे.

चांगला निर्णय आहे. तरी एक गोष्ट शहापुरात बोलताना आम्हांला टाळता येत नाही. १९५० पूर्वीचा कागद कोणाकडे असतो? ज्याचा आजा शाळेत गेला त्याच्याकडे. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये 'हिंदू ठाकूर' अशी नोंद आजाच्या नावापुढे सापडली की काम झाले. सिद्धगडाच्या अंगाखांद्यावरच्या वाड्यांत, डोळखांबच्या आतल्या पाड्यांवर त्या काळी शाळा होत्या कुठे? इंग्रजीत 'लिटरल' आणि 'लिटरेट' एकाच अक्षरातून निघालेले शब्द, आणि आपल्याकडे 'अक्षरशः' आणि 'साक्षर'. अक्षरशः सिद्ध करायचे तर कोणीतरी आधी साक्षर असायला हवा होता. निरक्षर आजाच्या नातवाजवळ उरते काय? फार तर गाव नमुना १४, म्हणजे आपले कोतवाल बुक. जन्म-मृत्यूची नोंद, मोडीतली, कोतवालाने सांगितलेली आणि तलाठ्याने लिहिलेली. तीही कित्येक ठिकाणी वाळवीने खाल्लेली. अशा माणसासाठी आप्तभावाची चौकशीच काय ती आधाराला राहते, म्हणून न्यायालयाने ती साफ काढून टाकली नाही, हे बरे केले. फक्त ती चौकशी करणाऱ्याने हातात गॅझेटिअर धरून जाऊ नये. वाडीतल्या म्हाताऱ्यांना विचारावे, सोयरीक कुठे कुठे आहे ते पाहावे, देवाला कोणाकोणाची वर्गणी असते ते पाहावे. कोण आपला आणि कोण नुसता नावाचा, हे वाडीला माहीत असते.

मोडी वाचणारी माणसे आता तालुक्याला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. तुमच्यापैकी कोणी तरुण मोडी शिकले असतील, तर त्या दप्तरांकडे वळा. काही घरांचे काम अडून बसले आहे. इथे थांबतो, प्रश्न असतील ते घेऊ.